दत्ताचा राजीनामा

प्रिय अव्या,

माझ्या वर्कशॉपमधला सगळ्यात चांगला वेल्डर, दत्ता, सोडून चाललाय. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर "मिळेल रे दुसरा" म्हणून मोकळा झाला असता, म्हणून तुला लिहितोय. तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर द्यायचं राहिलंय, त्याच्या शिव्या यातच उरकून घे. तब्येत बरी. गुडघा तसाच.

नोटीस महिन्याची दिलीय. कारण 'वैयक्तिक'. असल्या कागदावर वैयक्तिक म्हणजे काय ते तुला-मला कळतं: निम्मा पगार आणि निम्मं दुसरं काहीतरी. आधी पगाराचं बोलतो, कारण त्यातला घोळ नुसत्या गणिताचा आहे आणि तो सगळीकडे सारखाच होतो.

माणूस लागला तेव्हा त्याचा पगार १०० धर. दरवर्षी पाच टक्के वाढ दिली तर पाच वर्षांनी तो १२८ वर येतो. तेवढ्यात बाहेरचा भाव वर्षाला दहा टक्क्यांनी चढला असेल तर तिकडे १६१ झालेले असतात. मग काम वाढतं, नवा माणूस लागतो, तो १६१ च्या खाली येत नाही, आणि आपण नाइलाजानं घेतो. वर त्याला काम दाखवायला उभा कुणाला करतो? १२८ वाल्याला. पगार कुणाला सांगू नका, असं दोघांनाही बजावतो. पहिला पगार होतो आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्या शॉपला आकडा पाठ झालेला असतो. यात लबाडी कुणाचीच नसते. जुन्यांची वाढ टक्क्यांत ठरते, नव्यांची भरती बाजारभावानं होते, आणि हे दोन हिशोब कधी शेजारी शेजारी मांडलेच जात नाहीत.

मांडायचे कसे ते सांगतो. वर्षातून एकदा, भरती डोक्यात नसताना, प्रत्येक नावापुढे दोन आकडे लिहायचे: आजचा पगार, आणि ही जागा उद्या रिकामी झाली तर माणूस कितीला मिळेल तो भाव. जाहिरातींतल्या आकड्यांवर जाऊ नकोस, ते फुगवलेले असतात. मुलाखतीला येऊन गेलेले, पण न घेतलेले उमेदवार किती मागत होते ते टिपून ठेवलं की खरा भाव कळतो. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त दिसला की त्या नावाखाली लाल रेघ. पैसे थोडे असले तर ते सगळ्यांना सारखे वाटून टाकायचा मोह होतो, कारण मग कुणी तोंडावर भांडत नाही. तसं करू नये. आधी रेघेच्या नावांना द्यावेत, आणि त्यातही जो कधी मागत नाही त्याला आधी. न मागणारा माणूस भांडण्याऐवजी थेट नोटीसच देतो.

आता तू म्हणणार, वाढवून दे आणि थांबव. पक्या तर राजीनामा हातात पडायच्या आतच आकडा बोलला असता. मी दत्ताला आकडा बोललेलो नाही आणि बोलणारही नाही. राजीनाम्यावर वाढ दिली की बाकीच्यांना एकच गोष्ट कळते: वाढीचा अर्ज म्हणजे राजीनामा. मग दर दोन महिन्यांनी टेबलावर कागद येतो, आणि त्यातला खरा कोणता नि दबावाचा कोणता हे ओळखत बसावं लागतं. शिवाय वाढ घेऊन थांबलेल्याच्या जाण्याच्या कारणातलं दुसरं निम्मं जागच्या जागीच असतं. अशी वाढ एकाच परिस्थितीत चालते: कारण खरोखर फक्त पगाराचं असेल, पगार खरोखर भावाच्या खाली असेल, आणि त्याच आठवड्यात त्या रांगेतल्या सगळ्यांचा पगार आपण वर नेणार असू. एकट्याचा नेला तर नाही.

इथं तू मोटारवाला हेन्री फोर्ड काढशील, पगार दुप्पट करून त्यानं माणसं टिकवली म्हणून, मला माहीत आहे. चहाच्या टपरीपासून तुझा फोर्ड ऐकत आलोय. तर घे. १९१३ साली त्याच्या कारखान्यात माणसं सोडून जाण्याचं प्रमाण वर्षाला ३७० टक्के होतं, म्हणजे एकेक जागा वर्षात तीन-चार वेळा भरावी लागायची. जानेवारी १९१४ मध्ये त्यानं दिवसाची मजुरी साधारण दुप्पट करून ५ डॉलर केली, पाळी ९ तासांवरून ८ वर आणली, आणि गळती झपाट्यानं उतरली. इथवर तुझं बरोबर. पण तू नेहमी गाळतोस ती गोष्ट अशी, की त्या ५ डॉलरांतला जवळजवळ अर्धा भाग नफ्यातला वाटा म्हणून अटी घालून दिलेला होता आणि माणूस घरी कसा राहतो हे बघायला कंपनीची माणसं दारात जायची. आणि तिथलं काम असं होतं, की कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यावर कुणालाही थोडक्या वेळात उभं करता यायचं. तुझ्या-माझ्याकडे हाताचं कसब तयार व्हायला वर्षं जातात. त्यामुळे पगारानं गळती थांबते हे खरं, पण पगार भावाला आल्यावर पुढे माणूस कशावर टिकतो, याचं उत्तर फोर्डकडे नाही. झालं? भांडण पुढं चालू ठेवायचं तर उत्तरात ठेव.

दत्ताचं दुसरं निम्मं मी खोदून विचारलं. नव्या ठिकाणी त्याला टेस्ट पीस, म्हणजे परीक्षेसाठी वेल्ड केलेला तुकडा, पास-नापास करायचा अधिकार मिळतोय. इथं तो सगळ्यात चांगला वेल्डर होता, पण त्याच्या पुढची पायरी कुठं होती? आपल्याकडे पायरी म्हणजे सुपरवायझर, आणि चांगल्या कारागिराला सुपरवायझर केला की एक कारागीर जातो आणि बहुधा एक वैतागलेला सुपरवायझर मिळतो. (तुझ्या नानाचं नाव मी काढणार नाही, वचन दिलंय.) मधली पायरी वेगळी हवी: हाताखाली माणसं नकोत, पण अधिकार हवेत. खराब माल परत पाठवायचा, कामाचा क्रम ठरवायचा, नव्या उमेदवाराची परीक्षा घ्यायची आणि त्यात नकार द्यायचा. हा नकार मालकानंही फिरवायचा नाही. नुसतं पद देऊन हे जमत नाही. पहिल्याच नकाराला आपण "जाऊ दे, घाई आहे" म्हणालो की त्या पायरीला किंमत राहत नाही. अशी पायरी आता काढतोय, शॉपमधल्या बाळूसाठी आणि त्याच्या मागच्यासाठी.

या महिन्यात दत्ताकडून काय काढून घ्यायचं? "सगळं लिहून दे" म्हटलं की दोन पानं येतात आणि त्यात सगळ्यांना ठाऊक असलेलंच असतं, कारण जे हातात मुरलंय ते त्याला माहिती वाटतच नाही. त्यापेक्षा पहिल्या आठवड्यात फक्त तोच करतो अशा कामांची यादी. मधल्या दोन आठवड्यांत ती कामं दुसऱ्यानं करायची आणि दत्तानं हात मागे बांधून उभं राहायचं. जिथं त्याला न राहवून "थांब" म्हणावं लागेल तेवढंच लिहून घ्यायचं. वही त्या 'थांब'ची करायची. शेवटच्या आठवड्यात त्यानं कशाला हातच लावायचा नाही, म्हणजे काय अडतंय ते तो असतानाच कळतं. आणि हिशोब शेवटच्या दिवशी चुकता, एक दिवस उशीर नाही. जाणाऱ्याशी आपण कसं वागतो ते राहणारे बघत असतात.

त्याच्या जागी माणूस घ्यायचा तर गप्पांवर घेणार नाही. बोलका उमेदवार आपल्याला आवडतो, आणि आवडला की पुढचे प्रश्न आपण त्याला पास करायलाच विचारतो. १९९८ साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी, निवडलेला माणूस पुढे काम कसं करेल हे कशावरून ओळखता येतं याच्या ८५ वर्षांच्या अभ्यासांचा गोषवारा काढला. त्यात काम करून दाखवायची परीक्षा आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत बरीच वर होती, आणि किती वर्षांचा अनुभव हे बरंच खाली. २०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते गणित पुन्हा तपासलं, तेव्हा बहुतेक आकडे उतरले, पण तशी बांधीव मुलाखत सगळ्यात वर आली आणि अनुभवाची वर्षं तळाशीच राहिली. आपण मात्र जाहिरातीत पहिली ओळ काय लिहितो? 'किमान ५ वर्षांचा अनुभव.'

म्हणून परीक्षा अशी ठेवलीय. ६ मिमीच्या दोन लोखंडी पट्ट्या, एकीवर दुसरी उभी, एकाच बाजूनं वेल्ड. थंड झाल्यावर तो जोड वाइसमध्ये धरून हातोड्यानं वेल्डच्या दिशेला मोडायचा. मुळाशी सरळ काळी रेघ दिसली तर वरून टाका कितीही देखणा असला तरी आत धातू एकजीव झालेलाच नाही. पण मोडायच्या आधीच बरंच कळतं. मुद्दाम गंज असलेली पट्टी द्यायची आणि तो ती घासतो का बघायचं. ३.१५ मिमीच्या वेल्डिंग रॉडला साधारण १०० ते १३० अँपिअर लागतात, पण मशिनवरचा आकडा आपण मुद्दाम चुकीचा ठेवायचा. तो आधी भंगारच्या तुकड्यावर चालवून बघतो, की तसाच सुरू होतो? लो-हायड्रोजन रॉड (हे ओल धरतात, म्हणून भट्टीत गरम ठेवतात) उघड्यावर ठेवलेले दिले तर "हे भट्टीत होते का?" असं विचारणारा सापडला की मी अर्धा निर्णय तिथंच घेईन. आणि परीक्षेच्या वेळाचे पैसे द्यायचे, घेतला नाही तरी.

मुलाखतीत सगळ्यांना तेच पाच प्रश्न, त्याच क्रमानं. बाळू आणि मी दोघंही बसणार आणि एकमेकांशी बोलायच्या आधी आपापले गुण कागदावर लिहिणार. हे विसरलं की बाळू माझ्याकडे बघून गुण देतो. आधीच्या ठिकाणी फोन करून "कसा आहे?" विचारण्यात अर्थ नाही, सगळेच चांगले असतात. "कोणतं काम त्याला एकट्याला द्याल आणि कोणतं देणार नाही?" असं विचारावं, आणि शेवटी, "पुन्हा घ्याल का?" हो म्हणायला वेळ लागला तर तोही जबाबच.

निवडल्यावर, पगार ठरायच्या आधी, त्याला शॉपचा सगळ्यात वाईट कोपरा दुपारी दाखवायचा: धूर, उकाडा, टाकीच्या आतलं काम. तिथून जो परत जातो तो पहिल्या महिन्यात जाण्यापेक्षा बरा. बाकी पहिल्या दिवशी लॉकर, हेल्मेट आणि नावानिशी ठरवून दिलेला एक सोबती तयार हवा. पहिल्या आठवड्याच्या, पहिल्या महिन्याच्या आणि तिसऱ्या महिन्याच्या शेवटी पंधरा मिनिटं बसून बोलायचं. जुन्यांशीही तीन महिन्यांतून एकदा. "खूश आहेस ना?" हा प्रश्न नको, त्याला एकच उत्तर असतं. "कुठल्या कामात तुझा वेळ फुकट जातो?" विचारलं तर माणूस बोलतो. मग त्यातलं एक तरी काम पंधरवड्यात करून दाखवायचं, नाहीतर पुढच्या वेळी तो तोंड उघडणार नाही. बाळूनं ग्राइंडरच्या चाकांसाठी स्टोअरमध्ये तीनदा सही लागते म्हणून सांगितलं. ती पद्धत काल मोडली.

बरंच झालं. तुझ्या नव्या जागेचं काय? भाडेकरार लांबचा करू नकोस, आणि छत आधी बघ. वहिनींचं ऑपरेशन नीट झालं हे मुक्तानं कळवलं, मी फोन करायला हवा होता तो या आठवड्यात करतो. मुक्तानं बारावीनंतर काय करायचं ते तिचं तिला ठरवू दे, तू मध्ये पडू नकोस. मास्तरांची पुस्तकं अजून माझ्याकडेच आहेत.

तुझा,
दिन्या

ता. क. तुझ्याकडून दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेला तो फिटर परत यायला तयार आहे का, एकदा विचारून बघ. मला नको असेल तर तू तरी घेशील. आणि त्याला तू तेव्हा काय पगार देत होतास तो खरा आकडा कळव, पक्याला सांगतोस तो नको.