येताना तुणतुणं घेऊन या

बेळगाव, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना शि. सा. न.

आईच्या गुडघ्याला आता कसं आहे? बाबा, रोप लावणीला तुम्ही स्वतः चिखलात उतरू नका. एवढं सांगून मुद्द्यावर येते: पुढच्या आठवड्यात याल तेव्हा माळ्यावरचं तुणतुणं घेऊन या. चिमीला हवंय.

झालं असं. तिच्या व्हायोलिनचं फोनवर बोलले होते ना, ते आणलं. दुकानदाराने 'वाढत्या अंगाचं घ्या' म्हणत अर्ध्या मापाचं गळ्यात मारलं, शाळेचा गणवेश घेतात तसं. शिकवणाऱ्या बाईंनी ते चिमीच्या खांद्यावर ठेवून डावा हात सरळ करायला लावला, तर व्हायोलिनचा शेंडा तिच्या बोटांच्याही पुढे! बदलून पाव आणलं. पाव म्हणजे चौथाई लांबीचं नव्हे हं. मोठ्यांच्या व्हायोलिनचं धड साधारण ३६ सेंटिमीटर, पावाचं २८. हा कुठला हिशेब, देव जाणे.

पहिल्या दिवशी गज, म्हणजे तारांवर ओढायची काठी, ओढला तर आवाजच नाही. मला वाटलं, पुन्हा फसलो. बाईंना फोन केला तर त्या हसल्याच, "राळ लावली का?" गजाला घोड्याचे केस असतात. नवे केस राळेशिवाय तारेवरून नुसते घसरतात. मग दोघी राळेचा खडा घासत बसलो, चिमीच्या फ्रॉकवर पांढरी भुकटी. गज टेकवला आणि थेट आपल्या गोठ्याच्या दारासारखी करकर! आहेही तेच. राळ लावलेले केस तारेला धरतात, थोडं ओढतात, सोडतात, परत धरतात, सेकंदाला शेकडो वेळा. बिजागरीतही अशीच धरसोड चालते, म्हणून तेल घातलं की ती गप्प होते. चिमीने लगेच विचारलं, "मग याला पण तेल घालू?" बाटली वर ठेवलीय.

बाकीचं घरातच शिकवते. कुंद्याच्या रिकाम्या खोक्यावर रबर चढवले. जाड रबर खालच्या सुरात, पातळ वरच्या. मध्ये बोट दाबलं की सूर चढतो, हे तिला पटकन कळलं. पण तार ताणायच्या खुंटीचं काही डोक्यात शिरेना. मी पाठ फिरवली तेवढ्यात तिने व्हायोलिनची खुंटी पिळली आणि सगळ्यात बारीक तार फट्‌कन तुटली. दोघी घाबरलो. तेव्हा तुणतुणं आठवलं. एकच तार, एकच खुंटी, आणि भजनाला बसण्याआधी कान लावून ती चढवणारे तुम्ही. माझ्यापेक्षा तुमच्या हाताकडे बघून तिला लवकर कळेल.

बाबा, तुमच्या कामाची एक गोष्ट. व्हायोलिनच्या चार तारा एकमेकींपासून सा आणि प इतक्या अंतरावर. त्यातली वरची तार काढून खाली आणखी एक खर्जातली लावली की व्हायोलाच्या तारा झाल्या. व्हायोला अंगाने थोडा मोठा, आवाज जरा घोगरा. चेलोच्या तारा त्याच, पण पूर्ण एक सप्तक खाली. तो बसून, गुडघ्यांत धरून वाजवायचा, खाली जमिनीला टेकायला दांडी. डबल बेस तर माणसापेक्षा उंच, आणि त्याच्या तारांत सा-म अंतर. चिमीला मी सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराची १८८६ सालची 'प्राण्यांचा कार्निव्हल' ही रचना ऐकवते. त्यात चेलो हंस होतो आणि डबल बेस हत्ती. हत्ती अगदी ठुमकत नाचतो. ते ऐकून ती म्हणाली, "आजोबांच्या भातात आलेला पण असाच नाचला होता?" उत्तर तुम्हीच द्या, मी त्यात पडत नाही.

व्हायोला मात्र तिला अजून ओळखता येत नाही. खरं सांगायचं तर मलाही दर वेळी येत नाही.

पावसाने तुणतुण्याचं चामडं सर्दावलं असेल, निघायच्या आदल्या दिवशी चुलीपासून जरा लांब धरून शेकवा. खानापूरच्या बसमध्ये ते मांडीवरच घ्या, सामानाच्या फळीवर टाकू नका. आणि खुंटी सैल करूनच आणा. चढवायची ती इथे, तिच्या समोर.

तुमची,
लेक