रात्री दोनचे काम

पुणे

तीर्थरूप आई व बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गणपतीत घरी आले असताना मला रात्री दोनपर्यंत लॅपटॉपसमोर बसलेली पाहून बाबांनी विचारले होते, की संगणकाला वेळ लावून देता येत असेल तर तू कशाला जागतेस? तेव्हा झोपेत नीट उत्तर देता आले नाही.

वेळ लावून देता येते, हे खरेच आहे. युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीमध्ये ‘क्रॉन’ नावाचा जुना प्रोग्रॅम आहे. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार हे पाच रकाने भरून दिले, की तो ठरल्या वेळी काम आपणहून चालवतो. आमचा रोजचा बॅकअप आणि सकाळचे अहवाल त्याच्याकडेच आहेत. ती कामे माझ्याकडे असती, तर एखाद्या दिवशी नक्की राहून गेली असती.

त्या रात्री मात्र जुन्या नोंदी कायमच्या पुसायच्या होत्या. असे काम चुकले तर पुन्हा चालवून सुधारत नाही, म्हणून किती नोंदी जाणार ते आधी मोजून, तो आकडा सहकाऱ्याला दाखवून, मगच मी आज्ञा देते. बाबा, बँकेत मोठ्या रकमेच्या व्हाउचरवर दुसरी सही लागायची, तसेच हे.

अर्थात हाताने केले म्हणून चूक टळते, असेही नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी, प्रोग्रॅमचा कोड साठवून ठेवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीतल्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसायला घेतला. त्याने हात आवरला तोवर सुमारे ३०० जीबींपैकी जेमतेम ४.५ जीबी उरला होता. मला त्याहून खटकले ते हे, की आपोआप होणारा त्यांचा एक बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे होतच नव्हता, आणि तसे कळवणाऱ्या ईमेलही वाटेतच नाकारल्या जात होत्या. अखेर उपयोगी पडली ती त्याच अभियंत्याने सहा तास आधी, वेगळ्याच कारणासाठी, हाताने घेतलेली प्रत.

ते वाचल्यापासून, बिघाड झाला तर निरोप येईलच, या भरवशावर मी राहत नाही. आमच्याकडे पहाटे तीनपर्यंत ‘बॅकअप झाला’ असा निरोप आला नाही, तर माझा फोन वाजतो.

तेव्हा आई, दिवाळीत पहाटे तो वाजला तर घाबरू नकोस. अभ्यंगस्नानासाठी तू उठवणारच आहेस. पुसण्याचे काम मात्र मी भाऊबीजेनंतरच ठेवले आहे.

तुमची,
धाकटी