काठोकाठ न भरलेला डबा

हर्णै,
21 सप्टेंबर

प्रिय विन्या,

दीड वर्ष तुला पत्र नाही. मे महिन्यातला तुझा फोन उचलला नाही, उलट केलाही नाही. कारण काही नव्हतं, राहून गेलं आणि मग राहिल्याचीच लाज वाटून आणखी राहिलं. रागवायचं असेल तर रागाव, पण पत्र पुरं वाचून मग. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे, आईचे गुडघे पावसाळ्यात दुखतात तसे दुखतायत. गणपती नीट पार पडले.

आता ज्यासाठी बसलोय ते. विन्या, मी पुन्हा मोजपात्र केलं.

आठवीला ‘द्रव्याचे संघटन’ शिकवून झालं आणि चाचणी घेतली. स्थायू, द्रव, वायू यांतल्या कणांची रचना आकृती काढून दाखवा, 3 गुण. सगळ्या पेपरांत तीच आकृती: पहिल्या चौकटीत गच्च टिंबं, दुसरीत जरा सुटी, तिसरीत चार-पाच उडालेली. माझ्याच फळ्यावरची. एका मुलीने मात्र पाण्याचीच तीन चित्रं काढली होती, बर्फ, पाणी आणि वाफ, आणि बर्फाच्या चौकटीतली टिंबं पाण्यापेक्षा विरळ. मध्ये मध्ये पोकळ्या सोडलेल्या, त्याही मुद्दाम, पेन्सिलने गोल करून. मी लाल पेनाने काट मारली आणि बाजूला लिहिलं, ‘धडा पुन्हा वाच.’

पेपर वाटले त्या दिवशी वर्गात ती काही बोलली नाही. घंटा झाल्यावर आली. पेपरची घडी हातात. म्हणाली, “सर, बर्फाच्या डब्यात पाणी काठोकाठ भरत नाहीत.” मी म्हटलं, बरं, मग? तर म्हणे, “भरलं तर बर्फ वर फुगून येतो. आमचे पप्पा बर्फाच्या कारखान्यात आहेत.” यावर मी काय बोललो असेन? मी म्हटलं, “परीक्षेत पुस्तकातलं विचारतात, ते लिहीत जा.” ती “हो सर” म्हणाली आणि गेली.

दहावीला पाण्याचं असंगत आचरण मीच शिकवतो रे. 4 अंश सेल्सिअसला पाण्याची घनता सगळ्यात जास्त, ते दाखवणारं होपचं उपकरण, गोठताना आकारमान शेकडा 9 ने वाढतं, म्हणून बर्फ तरंगतो, म्हणून तळ्याच्या तळाशी मासे जगतात. हे मी दर वर्षी मोठ्या आवाजात सांगतो. आणि दोन वर्ग पलीकडे जाऊन त्याच तोंडाने सांगतो की स्थायूत कण सगळ्यात जवळ. एकोणीस वर्षांत एकदाही ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात समोरासमोर आली नाहीत. आठवीतल्या पोरीने ती एका पेपरवर आणली आणि मी तिथे काट मारली.

तू म्हणशील 3 गुणांसाठी एवढं काय. तूच असं म्हणू शकत नाहीस. कॉलेजची प्रयोगशाळा आठव: पन्नास मिलिलिटर पाणी, पन्नास अल्कोहोल, आणि मोजपात्रात सत्त्याण्णव. ‘सांडलंस,’ मी म्हटलं. तू टेबल दाखवलंस, कोरडं ठणठणीत. मी तरी म्हटलं सांडलंस, वर सगळ्या बॅचसमोर म्हटलं, आणि तीन दिवस मेसमध्ये तू पाठ करून जेवलास. मग सरांनी सांगितलं की दोन्ही रेणू एकमेकांशी अधिक घट्ट बसतात, बेरीज शंभर होतच नाही. कण मोजायचं शास्त्र शिकत होतो आणि मला हवं ते उत्तर आलं नाही म्हणून मी तुझ्या हाताला दोष दिला. पेपर तपासताना नेमकं तेच केलं, फक्त या वेळी हात तेरा वर्षांच्या पोरीचा होता.

तीन दिवसांनी पहाटे तिच्या वडिलांबरोबर कारखान्यात गेलो. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून बोटी सुरू झाल्यात, त्यामुळे काम रात्रंदिवस. विन्या, तू यायला हवा होतास! बाहेर अमोनियाचा झोंबरा वास, आत फळ्या टाकलेली जमीन. फळी उचलली की खाली मिठाच्या पाण्याचं टाकं, उणे 10 अंशांच्या आसपास, आणि तरी पाणीच, कारण मिठाने गोठू दिलेलं नाही. त्यात पत्र्याचे उंच डबे उभे, डब्यांत गोडं पाणी. टाक्यातल्या नळ्यांमधून द्रव अमोनिया जातो, उकळून वायू होतो आणि होताना मिठाच्या पाण्यातली उष्णता घेऊन जातो. पुढे कॉम्प्रेसर त्याला दाबतो, थंड करून पुन्हा द्रव करतात, पुन्हा आत. तोच अमोनिया, तेच रेणू, दिवसभर जवळ येतायत आणि लांब जातायत, आणि त्यावर हर्णैचा सगळा पापलेट-सुरमईचा धंदा उभा आहे.

डब्यांच्या तोंडाशी तीन-चार बोटं जागा सोडलेली. वडिलांना विचारलं, किती सोडायची हे कोणी शिकवलं? म्हणाले, “कोणी नाय. पहिल्या वर्षी भरला काठापर्यंत, टोपी आली वर. मग कळला.” डबा साध्या पाण्यात बुडवला, कडेचा पातळ थर सुटला आणि अख्खी लादी सरकन बाहेर. कडेने काचेसारखी, मध्यभागी पांढरी रेघ. ती पांढरी का, तर पाणी बाहेरून आत गोठत जातं, विरघळलेली हवा रचनेत मावत नाही, ढकलली जाते आणि शेवटी मध्ये अडकते. मी लादीवर हात ठेवून उभा राहिलो. बर्फात प्रत्येक रेणूला चारच शेजारी, चार दिशांना, हात लांब करून धरलेले. म्हणून मध्ये पोकळ्या. वितळला की काही हात सुटतात आणि कण त्या पोकळ्यांत घुसतात. तिने गोल करून दाखवल्या होत्या त्या याच.

मग घरी येऊन फळ्यावरची माझी बाकीची आकृतीही तपासली. तीही चुकलीय. बहुतेक पदार्थांत स्थायू द्रवापेक्षा दाट असतो हे खरं, तूप थिजलं की मध्ये खळगा पडतो तो त्यामुळेच, पण आकारमानातला फरक किती? शेकडा 10 च्या आतबाहेर. म्हणजे स्थायूची आणि द्रवाची टिंबं जवळजवळ सारखीच दाट काढायला हवीत. फरक अंतराचा कमी, शिस्तीचा जास्त. एकात रांगा, दुसऱ्यात जत्रा. आणि वायू? 1 मिलिलिटर पाण्याची 100 अंशांना सुमारे 1700 मिलिलिटर वाफ होते. घनमूळ काढ, बाराच्या जवळ येतं, म्हणजे दोन कणांमधलं अंतर बारापट. पाण्यात दोन कण एक अंगूळ अंतरावर काढले तर वाफेत एक वीत हवेत. माझ्या फळ्यावर ते दोन अंगुळांवर असतात. मुलांना वाटतं तिन्ही पायऱ्या सारख्या उंचीच्या. त्यांना असं वाटायला लावणारा मीच.

आणि कणांच्या मध्ये काय असतं, यावर आपण होस्टेलच्या गच्चीवर घातलेला वाद! मी हवा म्हणत होतो. तू म्हणालास, “हवेच्या कणांच्या मध्ये मग काय, आणखी बारीक हवा?” मी उत्तर दिलं नव्हतं, चादर घेऊन खाली गेलो होतो. दर वर्षी वर्गात निम्मे हात ‘हवा’ला वर होतात, आणि मला तुझा आवाज ऐकू येतो.

तुझ्यासाठी एक ठेवलंय. तुझ्या करपलेल्या आमटीचा वास रेक्टरच्या खोलीत पोचायला किती वेळ लागायचा? आपल्याला खिडकी उघडून, उदबत्ती लावून, भांडं लपवायला पुरेल इतका. पण हवेतले रेणू सेकंदाला 500 मीटरच्या आसपास धावतात, मग वास क्षणात का पोचू नये? हीच शंका 1858 मध्ये बाईस बॅलट या डच शास्त्रज्ञाने काढली होती, आणि तिला उत्तर देताना क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञाला सुचलं की रेणू सरळ जातच नाही, पावलोपावली धडकत फिरतो. कुणीतरी ‘हे जुळत नाही’ म्हटलं म्हणून शास्त्र पुढे गेलं. क्लॉसियसने त्याला धडा पुन्हा वाच म्हटलं नाही.

गेल्या सोमवारी वर्गात जाऊन सांगितलं. माझी काट चूक होती, आकृती बरोबर होती, तिचे 3 गुण दिलेत, आणि मला तिची माफी मागायचीय. वर्ग एकदम गप्प. ती खाली बघत होती. मग सगळ्यांना मैदानात नेलं. प्रत्येकाने आपले दोन हात दोघांच्या खांद्यांवर ठेवायचे, आणि आपल्या दोन खांद्यांवर दुसऱ्या दोघांचे हात येऊ द्यायचे. पाण्याच्या रेणूचं असंच असतं, दोन हायड्रोजन म्हणजे हात, ऑक्सिजनच्या दोन बाजू म्हणजे खांदे. जुळवता जुळवता पोरं पसरत गेली, मध्ये मोठमोठ्या मोकळ्या जागा, आणि बर्फ मैदानाच्या कडेच्या चिखलात जाऊन पोचला. मग म्हटलं, हात सोडा, धक्काबुक्की करत फिरा. घोळका आपोआप आत आला. एक पोरगा ओरडला, “सर, वितळल्यावर आपण लहान झालो!” तेव्हा ती हसली.

पण विन्या, प्रश्न ती अजून विचारत नाही. पूर्वी दर तासाला हात वर असायचा. आता मी विचारलं तर उत्तर देते, नीट देते, आणि शेवटी “हो सर.” ते ‘हो सर’ मला झोपू देत नाही. गुण परत देता येतात. घंटा झाल्यावर पेपरची घडी घेऊन एकटी आली होती, तेवढं धैर्य परत कसं देऊ? आणि त्याआधीच्या एकोणीस वर्षांत असे किती जण घडी खिशात घालून घरी गेले असतील, त्यांचं तर मला नावही ठाऊक नाही. काल तिला म्हटलं, मिठाचं पाणी उणे 10 ला का गोठत नाही ते मला समजावून सांग, पप्पांना विचारून ये. बघू.

बडोद्याच्या घराची वास्तुशांत झाली का? वहिनींची बदली थांबली असं कानावर आलं, आनंद झाला. पोराचं बारावीचं वर्ष, त्याला छळू नकोस. दिवाळीत येणार असशील तर आधी कळव, कारखाना दाखवतो.

एक विचारायचं आहे, खरं सांग. सरांनी सांगितल्यावर आपण पुन्हा बोलायला लागलो, एका ताटात जेवलो, हे आठवतं. पण मी तुझी माफी मागितली होती का? दोन रात्री आठवतोय, आठवत नाही. मागितली नसेल तर या पत्रात मागतो. टेबल कोरडं होतं, विन्या. मी पाहिलं होतं.

तुझा,
बंड्या