‘सुस्थितीत’ हा शब्द खोडायला लावल्याबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुमचे नाव कुठेही लिहायचे नाही ही तुमची अट मी पाळतो आहे. पत्र लिहू नकोस असे मात्र तुम्ही म्हणाला नव्हतात, म्हणून ते कोणालाही वाचता येईल असे उघड लिहीत आहे. वस्तू नीट पाहून यादी लिहिण्याचे जे काम तुम्ही माझ्याकडून करवून घेतलेत ते जुने सामान वाट्याला आलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी करावे लागते, आणि बहुतेक जण ते मी सुरुवातीला उरकले तसेच उरकत असणार.

आजोबांच्या पश्चात घरातले जुने सामान चार भावंडांत वाटायचे ठरले आणि यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. सतरा वस्तूंची ती यादी मी एका दुपारीच संपवली होती. त्यातल्या दोन ओळी मला आजही पाठ आहेत, कारण तुम्ही त्या माझ्याकडूनच मोठ्याने वाचून घेतल्यात : ‘लिहिण्याचे टेबल, शिसवी, पुरातन, सुस्थितीत’ आणि ‘भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ, मूळ अवस्थेत, चालू’. मग पेन्सिल मागून घेऊन एकेका शब्दाखाली रेघ मारत तुम्ही विचारत गेलात. शिसवी कशावरून? पुरातन म्हणजे किती वर्षांचे, आणि ते कोणी सांगितले? सुस्थितीत म्हणजे नेमके काय धड आहे? घड्याळ चालू आहे, म्हणजे एकदा चावी दिल्यावर किती दिवस चालते आणि दिवसाला किती मागे पडते? मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. अखेर त्या दोन ओळींत ‘टेबल’ आणि ‘घड्याळ’ एवढेच शब्द उरले, आणि ‘हं, आता इथून लिहायला लागा’ असे म्हणून तुम्ही चष्मा पुसायला घेतलात. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला तुमचा थोडा रागच आला होता.

शिसवीचा निकाल पाच मिनिटांत लागला. टेबलाच्या वरच्या फळीवरची काळसर नक्षीदार रेषा काठाला येऊन थांबते आणि काठावर वेगळ्याच लाकडाचे टोक दिसते, हे तुम्ही मला बोट ठेवून दाखवलेत. अखंड फळी असती तर तीच रेषा काठावरून खाली उतरली असती. म्हणजे साधा सांगाडा आणि त्यावर शिसवी व्हिनियर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ थर. ‘यात कमीपणा काही नाही, पण जे आहे ते लिहा,’ असे तुम्ही म्हणालात. त्या दिवसापासून माझ्या वहीत तीन रकाने आहेत : डोळ्यांना काय दिसले, त्यावरून काय वाटते, आणि त्या वाटण्याची खात्री किती. पहिल्या रकान्यात वय, घडणीची शैली आणि कारागिराचे नाव यांना प्रवेश नाही. किमतीला तर तिन्ही रकान्यांत नाही. ती माझ्या ओठांवर आली की तुम्ही सरळ विषय बदलत होतात, आणि तसे का करत होतात हे मला बऱ्याच उशिरा कळले : एकदा आकडा मनात बसला की डोळे त्या आकड्याला साजेसेच पाहू लागतात.

टेबलाचे खण बाहेर काढून उलटे मांडले ती सकाळ मी विसरणार नाही. तोवर खणाची समोरची बाजू सोडून दुसरे काही पाहायचे असते हेच मला ठाऊक नव्हते. तुम्ही विजेरी लाकडाला जवळजवळ टेकवून आडवी धरलीत, आणि सपाट वाटणाऱ्या फळीवर रंध्याचे उथळ पन्हळ एकामागून एक उभे राहिले. वरच्या दोन खणांच्या कोपऱ्यांत फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या डव्हटेल सांध्याचे दात एकसारखे नव्हते. एक रुंद, एक अरुंद, आणि त्यांच्या मुळाशी सुताराने आखणीसाठी ओढलेली बारीक रेघ तशीच राहिलेली. तिसऱ्या खणाचे दात मात्र साच्यातून काढल्यासारखे एका मापाचे होते, म्हणजे यंत्राने पाडलेले. मी लगेच ‘दोन खण जुने, एक नवा’ असे लिहायला निघालो, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. हाताने पाडलेला सांधा आजही कोणी पाडू शकतो, त्यामुळे एकट्या सांध्यावरून वय ठरत नाही. त्याला जोड लागते ती झिजेची. मग तुम्ही त्याच खणाच्या बाजूची खालची कड मला चाचपायला लावलीत. ती धारदार होती, आणि तो खण ज्या पट्टीवरून सरकतो ती पट्टी मात्र बोटभर रुंदीत खोल झिजलेली. पट्टी झिजली आणि तिच्यावर घासणारी कड झिजली नाही, असे कसे होईल? खण नंतर आला, पट्टी आधीपासून होती, हे लाकडानेच सांगितले.

मुठींचेही तसेच. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या खणाच्या आतल्या अंगाला आणखी दोन बुजवलेली भोके निघाली, म्हणजे आताच्या मुठींच्या आधी वेगळ्या अंतराच्या मुठी होत्या. बिजागरीला अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू होते. ही खाच हेन्री फिलिप्स यांच्या १९३६ च्या पेटंटनंतर सर्वत्र पसरली, म्हणून निदान ते स्क्रू तरी त्याआधी बसवलेले नाहीत. ‘पणजोबांच्या लग्नातले टेबल’ ही आमच्या घरातली कथा त्यामुळे खोटी ठरत नाही, हेही तुम्हीच समजावलेत. टेबल जुने असू शकते, बिजागरी नवी असू शकते, फक्त दोन्ही गोष्टी दोन वेगळ्या ओळींत लिहायच्या. मात्र एखादा भाग पहिल्यापासूनचाच आहे अशी खात्री पटली, तर अख्खी वस्तू त्या भागाहून जुनी धरता येत नाही.

गोल टेबलावरून मी तुमच्याशी वाद घातला होता, त्याबद्दल इथे माफी मागतो. तुम्ही ते दोन दिशांनी मोजायला सांगितलेत आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेने ९१४ मिलिमीटर, तर रेषेला आडवे ९०५ मिलिमीटर भरले. टेबल वेडेवाकडे कापले गेले आहे असे मला वाटले. लाकूड वाळताना रेषेच्या लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडवे मात्र आकसते. म्हणून अखंड लाकडाचे जुने गोल टेबल कालांतराने किंचित लंबगोल होते आणि अगदी बिनचूक गोल भरले तरच भुवई उंचवायची, हे ऐकल्यावर मी गप्प झालो.

किडीच्या भोकांनी मी घाबरलो होतो. दीड-दोन मिलिमीटरची ती भोके जुनी की चालू, हे ठरवायला तुम्ही कुठलेही औषध न मागता पायांखाली काळा कागद पसरायला सांगितलात आणि तीन आठवड्यांनी भुकटी पडली का ते पाहायला सांगितलेत. पडली नाही. भोकांच्या कडा काळवंडलेल्या होत्या, आत फिकट ताजे लाकूड नव्हते. तरीही ‘कीड नाही’ असे न लिहिता ‘पाहणीच्या काळात हालचाल आढळली नाही’ असे लिहायला तुम्ही सांगितलेत. एका खुर्चीच्या पायावर मात्र किडीचे बोगदे लांबच्या लांब उघडे पडलेले दिसले. कीड आतून पोखरते आणि बाहेर येताना फक्त गोल भोक पाडते. बोगदा उघडा दिसतो याचा अर्थ कीड लागून गेल्यावर ते लाकूड कोणीतरी कापले किंवा तासले आहे. तो पाय दुसऱ्याच कुठल्यातरी जुन्या लाकडातून घडवलेला निघाला.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. पाच वर्षांपूर्वी लिहिण्याचे टेबल चकचकीत करून घेण्याची हौस मला आली होती आणि ज्यांना काम दिले त्यांनी यंत्राने वरची फळी घासून काढली. समोरच्या डाव्या कोपऱ्यात व्हिनियर घासून पार गेले आहे आणि खालचे फिकट लाकूड नाण्याएवढे उघडे पडले आहे. कित्येक वर्षांच्या हातांनी, उन्हाने, सांडलेल्या शाईने चढवलेला रंग तासाभरात गेला आणि तो आता कुठल्याही पॉलिशने परत येणार नाही. आतल्या बाजूला, कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या जागी, तुम्ही कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून हलकेच टेकवलेत, बोळा चिकट तपकिरी झाला आणि तिथे जुने लाखेचे पॉलिश अजून शिल्लक आहे हे कळले. वरच्या फळीवर मात्र बोळा स्वच्छच राहिला. ‘वरच्या पृष्ठभागाचे मूळ पॉलिश नष्ट, अलीकडे यांत्रिक घासणी’ ही ओळ तुम्ही मला माझ्या हाताने लिहायला लावलीत, आणि ती लिहिताना मी कारण शोधत बसलो तेव्हा ‘नोंदीत कारणे देत बसू नका’ एवढेच म्हणालात.

घड्याळाबाबत मी सर्वांत जास्त चुकलो होतो. चालते ते घड्याळ चांगले, हा माझा समज. तुम्ही डोळे मिटून मिनिटभर ऐकलेत आणि ‘लंगडते आहे’ म्हणालात. मग मलाही ऐकू आले : टिक आणि टॉक यांमधले अंतर सारखे नव्हते, एक पाऊल लांब, एक आखूड. कधी पेटी भिंतीवर किंचित तिरकी असते, कधी लंबकाला ढकलणारी तार वाकलेली असते, आणि असे घड्याळ जरा धक्का लागला की थांबते. पण खरा दोष आत होता. यंत्र बाहेर काढल्यावर पितळी पट्ट्यांमधल्या भोकांभोवती तेल वाळून काळे झालेले दिसले, आणि चाक बोटाने मागेपुढे हलवताच त्याच्या आसाचे टोक भोकात डुलू लागले. गोल भोक झिजून लांबट झाले होते. त्याच्या भोवती कोण्या जुन्या कारागिराने पंच ठोकून पितळ आत दाबल्याच्या खुणा होत्या. भोक आवळण्याचा हा झटपट उपाय, ज्यावर तुम्ही फक्त नाक मुरडलेत. अशा वाळलेल्या तेलावर घड्याळ चालवत राहणे म्हणजे रोज थोडे आणखी झिजवणे, आणि मी तर मोठ्या अभिमानाने दर रविवारी चावी देत होतो. ताणलेली स्प्रिंग उतरवल्याशिवाय एकही स्क्रू सैल करायचा नाही, नाहीतर बोटे जातील, हेही तुम्ही त्याच दिवशी बजावलेत.

‘मूळ अवस्थेत’ या शब्दांचा निकाल पेटीच्या पाठफळीने लावला. तिथे लंबकाची तबकडी वर्षानुवर्षे घासून पडलेला एक फिकट कंस होता, आणि आताची तबकडी त्याच्या चार बोटे वर झुलत होती. यंत्र ज्या फळीवर बसते तिच्यात वापरात नसलेली दोन भोके होती. म्हणजे या पेटीत एके काळी दुसरे यंत्र, निदान दुसरा लंबक होता. लंबकाची लांबी हा काही शोभेचा विषय नाही : सेकंदाला एक झोका घेणारा लंबक सुमारे ९९४ मिलिमीटरचा असतो, आणि त्याच्या लांबीत दीड मिलिमीटरहूनही कमी फरक पडला तरी दिवसाला मिनिटभराचा फरक पडतो. लंबकाच्या तबकडीवरची ‘आर’ आणि ‘ए’ ही अक्षरे पणजोबांच्या नावाची आद्याक्षरे आहेत असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. कारखान्यांत बनलेल्या असंख्य घड्याळांच्या लंबकांवर ती असतात आणि त्यांचा अर्थ सहसा रिटार्ड व ॲडव्हान्स असा, म्हणजे मंद करा आणि जलद करा, असा लावला जातो, हे तुम्ही इतक्या हळुवारपणे सांगितलेत की आत्याही हसली. डायलच्या तळाशी देशाचे नाव इंग्रजीत छापलेले आहे. आयात मालावर मूळ देशाचे नाव हवे असा अमेरिकेचा कायदा १८९१ पासून लागू झाला आणि त्यानंतर अशा छपाईचे प्रमाण वाढले, म्हणून दुसऱ्या रकान्यात ‘बहुधा १८९१ नंतरचे’ आणि तिसऱ्यात ‘मध्यम खात्री’.

उशाशी ठेवायच्या छोट्या घड्याळाला तुम्ही हातच लावू दिला नाहीत. त्याचे काटे अंधारात चमकत नाहीत, म्हणजे त्यांच्या रंगातले रेडियम, हा किरणोत्सर्गी धातू, संपले असेल, असे मी म्हणालो होतो. संपते ते चमकणारे रसायन. रेडियम निम्मे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. ते घड्याळ न उघडता बंद डबीत घालून वर तशी चिठ्ठी लावली आहे.

शब्दांविषयीचा तुमचा काटेकोरपणा मला सुरुवातीला अतिरेक वाटला होता. ओरखडा म्हणजे वरवरचा, चीर म्हणजे रेषेबरोबर गेलेली, तडा म्हणजे आरपार. ‘किरकोळ’ आणि ‘थोडेसे’ यांना बंदी, त्याऐवजी मिलिमीटर. आणि ‘उजवीकडे’ म्हणजे समोर उभ्या राहणाऱ्याच्या उजवीकडे, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवायचे. वाटणीच्या दिवशी त्याचे मोल कळले. यादी सर्वांनी आधीच वाचलेली होती, बदललेला खण आणि घासलेला कोपरा कोणापासून लपलेला नव्हता, आणि ताईने ते टेबल सगळे ठाऊक असूनच मागून घेतले. नंतर कोणी कोणाला ‘तू सांगितले नाहीस’ असे म्हटले नाही. आमच्या घरात हे थोडे नाही.

पाच वेळा तुम्ही आलात आणि मोबदल्याचा विषय काढू दिला नाहीत. वाकून खण तपासताना तुमची पाठ दुखते हे मला चौथ्या वेळी समजले, तेही काकूंकडून. त्याबद्दलचे आभार शब्दांत मांडायला गेलो तर तुम्ही त्या शब्दांखालीही रेघ माराल.

सतरा वस्तूंच्या नोंदींची प्रत सोबत पाठवत आहे. एक जागा मोकळी आहे. घड्याळाच्या मागच्या पितळी पट्टीच्या आतल्या अंगाला कारागिराने टोच्याने खरवडलेली अक्षरे आहेत, दुरुस्तीची नोंद असावी अशी. मला त्यातला एक आकडा लागला, बाकी नाही, म्हणून ‘वाचता आले नाही’ असेच लिहिले आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा तुमचे मोठे भिंग घेऊन या. लंबक उतरवून कापडात गुंडाळून ठेवला आहे, आणि त्यानंतर एकाही रविवारी चावी दिलेली नाही.

तुमचा कृतज्ञ,
यादी लिहिणारा