भयपटांतला न्याय

मा. संपादक, स. न.

आपल्या रविवार पुरवणीत भयपटांना सरसकट ‘विकृत करमणूक’ म्हटले गेले. अनेक लघुकथा एकत्र गुंफणाऱ्या भयपटांपुरते तरी ते मला पटत नाही. फ्रेडी फ्रान्सिस दिग्दर्शित ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ (१९७२) या ब्रिटिश चित्रपटातील शेवटची कथा पाहावी. अंधांच्या आश्रमाचा नवा अधीक्षक रहिवाशांचे अन्न आणि ऊब तोडतो, स्वतः मात्र कुत्र्यासह चैनीत राहतो. एक जण त्यात दगावल्यावर बाकीचे अंध तळघरात अरुंद बोळ उभारतात, भिंतींत धारदार पाती बसवतात, उपाशी ठेवलेला त्याचाच कुत्रा त्याच्यावर सोडतात आणि दिवे मालवतात. भूक, बंदिवास, अंधार: त्याने दिलेले सारे त्याला परत मिळते. मात्र त्या मुक्या जनावराचा काय दोष, हा प्रश्न मला आजही छळतो, आणि सूड व न्याय यांतले अंतर तिथेच उघडे पडते.

या कथा अमेरिकेतील ‘ईसी’ या प्रकाशनसंस्थेच्या कॉमिक्समधून आल्या. १९५४ च्या कॉमिक्स आचारसंहितेने शीर्षकात ‘हॉरर’ शब्दालाही बंदी घातली. दुष्टाला शिक्षा झालीच पाहिजे असेही तिने बजावले, जे या कथा आधीपासूनच (जरा अतिउत्साहाने) करीत होत्या!

आमची आजी ओट्यावर अहिराणीत भुताच्या गोष्टी सांगे, तेव्हा भूतही वाटसरूला सोडून बांध कोरणाऱ्यालाच धरीत असे. परीक्षणकर्त्यांनी तो ओटा आठवून पुन्हा लिहावे, ही विनंती.

आपला एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव