पर्यावरण शिकवताना ‘हे कशावरून?’ विचारायलाही शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळेत पर्यावरण शिकवायला हवं यावर आता बहुतेकांचं एकमत आहे, पण शिकवताना मुलांच्या हातात पडणारी माहिती खरी किती यावर कोणी फारसं बोलत नाही, म्हणून हे पत्र. मी विज्ञान शिकवते. पोस्टर, प्रोजेक्ट, भाषणं सगळं उत्साहात होतं, पण या वाक्याला आधार काय असं विचारलं की ‘नेटवर होतं’ एवढंच उत्तर येतं, आणि त्याच्यापुढे जायचं कसं हे आपण मुलांना शिकवलेलंच नसतं.

‘अ‍ॅमेझॉनचं जंगल जगाला २० टक्के ऑक्सिजन देतं’ हे वाक्य घ्या. २०१९ मधे तिथे आगी लागल्या तेव्हा फ्रान्सच्या अध्यक्षांनी, मॅक्राँ यांनीसुद्धा ते ट्विट केलं, आणि सोबत जो फोटो टाकला तो काढणारा फोटोग्राफर २००३ मधेच वारला होता! प्रत्यक्षात ते जंगल जेवढा ऑक्सिजन तयार करतं जवळपास तेवढाच तिथलीच झाडं आणि पालापाचोळा कुजवणारे जीवजंतू वापरून टाकतात, त्यामुळे शिल्लक जवळजवळ शून्य. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे. जंगल वाचवायची खरी कारणं भक्कम आहेत, तिथे साठलेला कार्बन आहे, पाऊस आहे, दुसरीकडे कुठेच न सापडणारे जीव आहेत, मग खोट्या आकड्याची गरजच काय?

मला सगळ्यात जास्त हेच खटकतं. हवामानबदल झूठ आहे असा मेसेज आला की आपण चवताळून उठतो, पण आपल्या बाजूचा चुकीचा मेसेज आला की ‘जाऊ दे, हेतू चांगला आहे’ म्हणून पुढे पाठवतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. लॉकडाऊनमधे व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन परतल्याचा व्हिडिओ फिरला, तो सार्डिनिया बेटावरच्या बंदरातला निघाला. पॅसिफिक महासागरात प्लास्टिकचं बेट तरंगतंय आणि ते अंतराळातून दिसतं असं मुलं अजून लिहितात. तिथे बेट वगैरे नाही, अफाट पसरलेले बारीक तुकडे आणि मासेमारीची जाळी आहेत, आणि बेटापेक्षा ते जास्त भयंकर आहे कारण असं विखुरलेलं गोळा करणं फार अवघड. पुढे कधीतरी मुलाला कळतं की शाळेत सांगितलेलं खोटं होतं, आणि मग ‘तापमानवाढ पण अशीच असेल’ असं त्याला वाटलं तर दोष त्याचा कसा?

आता तपासायचं कसं ते. वेबसाइट नीट वाचा, ‘अबाउट’चं पान बघा असं आपण सांगतो, पण नुसत्या तेवढ्याने भागत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाची ३४४६ हायस्कूल विद्यार्थ्यांची एक पाहणी २०१९ मधे आली, त्यात मुलांना हवामानबदलाबद्दल ‘तथ्य’ देण्याचा दावा करणारी एक साइट तपासायला दिली होती, नेट वापरायची पूर्ण मुभा होती, तरी त्या साइटचा खनिज इंधनाच्या धंद्याशी असलेला संबंध ९६ टक्के मुलांना सापडलाच नाही. मुलं त्याच पानावर अडकून राहिली. फॅक्टचेक करणारी माणसं उलटं करतात, ते पान सोडून लगेच दुसरा टॅब उघडतात आणि ह्यांच्याबद्दल बाकीचे काय म्हणतात, पैसा कुठून येतो ते आधी बघतात. एवढी एक सवय वर्गात लावायला कितीसा वेळ लागणार?

दुसरी सवय, आकडा दिसला की त्याच्या पोटात शिरायचं. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८ चा रिपोर्ट वर्गासाठी फार चांगला आहे. सुती पिशवी ७१०० वेळा वापरली तरच ती प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा बरी, हा आकडा त्यातूनच उचलून जगभर फिरवला गेला. पण त्याच रिपोर्टमधे फक्त हवामानावरचा परिणाम बघितला तर आकडा आहे ५२! मग ७१०० आला कुठून, तर सगळे परिणाम मोजले आणि त्यातला सर्वात वाईट, म्हणजे ओझोनच्या थरावरचा, तो धरला. शिवाय उघड्यावर आणि समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचा हिशोब त्यात नाहीच. खोटं कोणीच बोललेलं नाही. मोजलं काय, कशाशी तुलना केली आणि सोडून काय दिलं, हे तीन प्रश्न मुलांनी स्वतः विचारले की सगळं उलगडत जातं आणि धडा वाचून जे होत नाही ते होतं.

मात्र चिकित्सा म्हणजे कशावरच विश्वास ठेवायचा नाही असं जर मुलांनी घेतलं तर सगळंच मुसळ केरात. सिगारेट कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत कागदपत्रात ‘शंका हाच आमचा माल’ असं लिहिलेलं सापडलंय आणि हवामानाबाबतही तोच डाव खेळला गेलाय. त्यामुळे ‘तापमानवाढ, खरी की खोटी’ असा वादविवाद वर्गात ठेवणं मला साफ नामंजूर आहे, माणसामुळे तापमान वाढतंय हे ठरलेलं आहे. वाद घालायचाच तर उपाय कोणता, खर्च कोणी करायचा यावर घाला. त्यापेक्षा फसवायच्या युक्त्या दाखवा. १९९८ नंतर तापमानवाढ थांबली असं बरीच वर्षं सांगितलं जायचं, तो ग्राफ मुलांना काढायला द्या. १९९८ जबरदस्त एल निनोचं, खूप गरम वर्ष, तिथून रेघ सुरू केली की पुढची काही वर्षं सपाट दिसतात, आणि १९७० पासून काढली की चढ लगेच दिसतो. ही लबाडी स्वतःच्या पेन्सिलीने करून बघितलेलं मूल पुढच्या वेळी असा ग्राफ बघून सहजी फसणार नाही.

हे सगळं शिक्षकांच्या ट्रेनिंगमधे यायला हवं, परीक्षेतही यायला हवं, पर्यावरणाच्या पेपरात एक प्रश्न तरी ‘हा दावा तपासा’ असा असावा, कारण मार्क नाहीत तर कोणी शिकवत नाही हे आपल्याला माहितीच आहे. आणि तुम्हालाही एक विनंती, पर्यावरणाची बातमी छापताना ‘एका संशोधनानुसार’ एवढ्यावर सोडू नका. संशोधन कोणाचं, कधीचं, पैसे कोणी दिले हे दोन ओळीत द्या, मुलं तुमची कात्रणं प्रोजेक्टच्या वहीत चिकटवतात आणि पुढे शोधायला त्यांना काहीतरी धागा लागतो.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका