चौथ्या मजल्यावरच्या बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालत नाही, घातलं तर महिनाभर माझ्याशी बोलणार नाही तुम्ही.

आमच्या पिढीला शाळेत गुलामगिरी भेटली ती टिपा लिहिण्यापुरती: कापसाचे मळे, लिंकन, यादवी युद्ध, गुलामगिरी रद्द. पुढे बँकेतली नोकरी, संसार, मुलीचे क्लास. चाळिशी उलटल्यावर कुणी मला पुन्हा इतिहासाच्या अभ्यासाला बसवील असं वाटलं नव्हतं. तुम्ही बसवलंत, आणि निमित्त काय, तर सोसायटीची मीटिंग.

सी विंगमधला फ्लॅट एका सुदानी विद्यार्थ्याला भाड्याने द्यायचा होता. एरवी कोरम भरत नाही, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. "रात्री पार्ट्या करतात", "ड्रग्ज असतात", "लिफ्टमध्ये पोरीबाळींना भीती वाटते". ज्याला कुणी पाहिलंही नव्हतं त्याच्याबद्दल हे सगळं. तुम्ही मागच्या रांगेतून उठलात आणि सेक्रेटरींना एवढंच म्हणालात, "भाडेकरूच्या फॉर्मात कातडीच्या रंगाचा रकाना कुठंय, तो मला दाखवा." ठराव बारगळला. पण घरमालकानेच हाय खाल्ली आणि तो मुलगा दुसरीकडे गेला. जिना चढताना तुम्ही मला विचारलंत, "हे सगळं येतं कुठून, वाचायचंय?"

लोखंडी कपाटातून निघालेली ती फाईल! कोपरे मुडपलेल्या झेरॉक्स, समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात तुमचे शेरे. पहिलाच कागद व्हर्जिनियातल्या, म्हणजे अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीतल्या, १६६२ च्या कायद्याचा. इंग्लंडात मूल बापाच्या दर्जाचं मानलं जायचं. व्हर्जिनियात ठरवलं की मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून धरायचं. म्हणजे मळेवाल्याने आपल्याच गुलाम स्त्रीवर हात टाकला तर होणारं मूल त्याचा वारस नाही, त्याची मालमत्ता. बँकेतल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही: अत्याचारही जमेच्या बाजूला. समासात तुमचा शेरा होता, "आधी हिशेब, मग तत्त्वज्ञान." रंगावरून माणूस हलका ठरवण्याचा सिद्धांत पुष्कळसा नंतर, हा हिशेब पटवून द्यायला उभा राहिला, असं तुमचं म्हणणं. मला ते पटतं.

पण खरा धक्का पुढे होता. नाशिक माझं माहेर. कॉलेजला शरणपूर रोडनेच जायचे. त्या शरणपुरात मिशनने आफ्रिकन मुलांसाठी आश्रम चालवला होता, हे मला तुमच्याकडून कळावं! इंग्रजांच्या आरमाराने समुद्रात गुलामांची गलबतं पकडायची, त्यातली मुलं मुंबईत उतरवायची, आणि त्यांतल्या काहींची रवानगी नाशकात. तिथे लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आत, चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन हा मुलूख धुंडाळणारा मिशनरी वारला, तेव्हा त्याचं काळीज ज्या झाडाखाली पुरलं त्यावर अक्षरं कोरली ती याने. मग बरोबरच्या माणसांनी ते शव शेकडो मैल वाहून समुद्रकाठी आणलं. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीला ज्यांनी खांदा दिला त्यांच्यात हा नाशकात शिकलेला मुलगा होता. पुढे नाशिकचे कित्येक जण पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउनला जाऊन वसले. गावाला नाव सर बार्टल फ्रेअरचं, जो आधी मुंबईचा गव्हर्नर होता आणि ज्याने १८७३ मध्ये तिथल्याच झांझिबार बेटाच्या सुलतानाशी गुलामांचा बाजार बंद करण्याची बोलणी केली; करारावर सही मात्र तो गेल्यावर, त्याच वर्षी, कर्क या इंग्रज प्रतिनिधीने घेतली. त्याच वर्षी इकडे पुण्यात जोतीरावांची 'गुलामगिरी' आली, अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलेली. लिव्हिंग्स्टनचा मृत्यू, तो करार, हे पुस्तक, सगळं एका वर्षातलं, आणि मला ते एका रेषेत कधी कुणी दाखवलं नव्हतं.

यावर मी जरा खुलून म्हणाले, की आपल्याकडे तरी बरं होतं, मलिक अंबर विकत घेतलेला हबशी असून निजामशाहीचा वजीर झाला, खडकी वसवली, नहर बांधली. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि पुढचे कागद सरकवलेत. पेशवाईतल्या कुणबिणींचे. वाड्यांत, पागांत, कोठ्यांत राबणाऱ्या, विकत घेतलेल्या, पळाल्या तर शोधून आणलेल्या बायका. "यांच्यातली कोण वजीर झाली?" असं विचारून तुम्ही कुकर लावायला गेलात. त्याखालचा कागद झांझिबारच्या हिंदी व्यापाऱ्यांचा होता. १८६० च्या सुमारास इंग्रज सरकारचा तिथला प्रतिनिधी रिग्बी याने त्यांच्याकडचे हजारो गुलाम सोडवले. सोडवले, म्हणजे आधी ते आपल्याच माणसांकडे होते. एका अंबराच्या जिवावर सगळ्या दख्खनला प्रशस्तिपत्रक देता येत नाही, हे तुम्ही शब्दही न उच्चारता सांगितलंत.

एका बाबतीत मात्र आपलं अजून जमत नाही. तुम्ही म्हणता, आरमाराने मुलं सोडवली ती साम्राज्याच्या सोयीसाठी. असेल. पण गलबताच्या तळाशी कोंबलेल्या पोराला वरचं झाकण कुणी आणि का उघडलं, याच्याशी काय कर्तव्य? यावर आणखी एकदा भांडायचंय. चहा माझ्याकडे.

बाई, तुम्ही मला ना उपदेश केलात, ना लाजवलंत. कागद दिलेत, "तारीख बघ, सही बघ" म्हणालात आणि वाचायला वेळ दिलात. यासाठी मनापासून आभार.

जाता जाता एक. फाईल परत करायला उशीर होतोय, कारण ती सी विंगमधल्या त्या घरमालकांनी मागून नेलीय. दोनदा मागितली, "अजून पानं राहिलीत" म्हणतात. तुम्हीच एकदा फोन करा, तुमचं ऐकतील.

आपली,
बी विंगमधली